बाजरीला येळ लागंल

पारनेरहून खडकमाळला जाताना गाव डोळ्यांना दिसायच्या आधी कानांना लागायचं, ते पुंजारामतात्याच्या गिरणीमुळे. इंजिनाच्या धुराड्यावर त्याने एक पत्र्याचा पेला अडकवून ठेवला होता. इंजिन सुरू झालं की दर ठोक्याला तो पेला उडायचा आणि त्याची 'कुक् कुक् कुक्' अशी हाक माळापलीकडच्या वस्त्यांपर्यंत जायची. हाक आली की बायका हातातलं सूप खाली ठेवायच्या, दळणाचा डबा डोक्यावर घ्यायच्या आणि वाटेला लागायच्या. "तात्याची कोकिळा बोलली गं," असं एकमेकींना सांगायच्या. कोकिळा कसली, घशात खडा अडकलेला कोंबडाच तो. पण हाक मारली की माणसं येतात, हे भाग्य त्या कोंबड्याला होतं, आणि ते भल्याभल्यांना नसतं.

गिरणी म्हणजे दगडमातीच्या चार भिंती, वर पत्रे, आत जमिनीत पक्कं बसवलेलं इंजिन, तिथून दळणाच्या दगडांपर्यंत गेलेला पट्टा, आणि दारासमोर लांबलचक ओटा. गावाला वाटायचं, गिरणीत मोठी वस्तू इंजिन. पुंजारामला मनातून ठाऊक होतं की मोठी वस्तू ओटा. इंजिन नुसतं पीठ पाडायचं. गाव जमायचं ते ओट्यावर. कुणाची सोयरीक जुळली, कुणाची म्हैस आटली, कोणती सून माहेरी जाऊन काय काय बोलून आली, हे सगळं आधी तिथे पडायचं आणि मग घरोघर जायचं. गोजरबाई नावाची एक म्हातारी तर दळण नसलं तरी ओट्यावर असायची. ओट्याच्या उजव्या कोपऱ्यातला खांब तिचा. तिथे दुसरं कुणी टेकलेलं तिला खपत नसे.

हा पसारा सांभाळायची पुंजारामची बायको केशरबाई. दळणाला एक शिस्त असते. गव्हावर गहू, बाजरीवर बाजरी. बाजरीच्या मागोमाग गहू टाकला की दगडात राहिलेली बाजरी गव्हात उतरते, पोळी काळपट निघते आणि बाई दुसऱ्या दिवशी पदर खोचून भांडायला हजर होते. म्हणून एका धान्याचे डबे आधी उरकायचे, मग दुसऱ्याला हात घालायचा. डबा घेऊन कुणी आली की केशरबाई दारातूनच सांगायची, "गहू चालू हाय. बाजरीला येळ लागंल. बस." आणि बाई बसायची.

एकदा गहू कधीचाच संपला होता, पुंजाराम दुसरं दळण टाकायच्या बेतात होता, तरी केशरबाई एका नव्या सुनेला तेच सांगताना त्याने ऐकलं.

"अगं, गहू कवाच झाला की," तो म्हणाला.

"मला दिसत न्हाई व्हय?" ती खालच्या आवाजात म्हणाली. "तिची सासू तिला घरात टेकू देत न्हाई. बसंल हितं घटकाभर. तुमचं काय जातंय?"

पुंजारामचं काहीच जात नव्हतं. उलट त्या दिवसापासून त्याला बायकोच्या अकलेचं कौतुक वाटायला लागलं, फक्त ते तिला सांगायचं राहून गेलं. मराठी नवऱ्यांचं हे असंच असतं. सांगायचं ते राहतं, आणि मग सांगायला माणूस राहत नाही. केशरबाई काविळीने गेली. लेक रतन संगमनेरकडे दिलेली, तिचं घर बागायती, ऊस-पाणी भरपूर. "आबा, हिकडं या ऱ्हायला," म्हणून ती दर दिवाळीला म्हणायची, आणि पुंजाराम दर दिवाळीला म्हणायचा, "अन् गिरनी कोन चालवील?"

खरं कारण ओटा होता. दिवसभर ओट्यावर माणसं असायची, त्यामुळे घरात कुणी नाही हे त्याला फक्त रात्री कळायचं, आणि रात्री तो दमलेला असायचा. "गहू चालू हाय, बाजरीला येळ लागंल, बस," हे आता तोच म्हणायचा. जेवणाचीही त्याची आपली एक तऱ्हा होती. गिरणीवाल्याच्या घरात दळण नसतं. दगडाभोवती सांडलेलं, झाडून गोळा केलेलं पीठ तेवढं त्याचं. त्यात गहू, ज्वारी, बाजरी, कुणाचा हरभरा, सगळं असायचं. त्या झाडणीच्या पिठाची भाकरी तो थापायचा आणि म्हणायचा, "मी समद्या गावाच्या घरी जेवतो." चव काही धड लागत नसे, पण त्याला ती आवडायची.

सत्तर साली गावात विजेचे खांब आले. खांबांच्या मागोमाग श्रीमंत आला. श्रीमंत हा त्याच गावचा तिशीतला गडी, नगरला एका गिरणीत काही वर्षं काम करून परतलेला. नाव श्रीमंत असलं तरी घरात तसं काही नव्हतं. होतं ते डोकं आणि दम. त्याने मारुतीच्या देवळासमोर विजेवरची गिरणी टाकली. पूजेचं आमंत्रण द्यायला तो स्वतः पुंजारामकडे आला, वाकून पाया पडला.

"तात्या, तुमाला वाईट वाटू देऊ नका. माझी आई ह्याच वट्यावर लई बसलेली हाय. पन धंद्याला धंदा हाय."

"वाईट कशाचं? देवाच्या दयेनं गावाला दोन तोंडं जास्त झालीत," पुंजाराम म्हणाला आणि नारळ घेऊन पूजेला गेलाही.

तिथे त्याने सगळं नीट पाहून घेतलं. भिंतीवर एक कळ. ती दाबली की दगड फिरायला लागतात. हँडल मारायला नको, इंजिन तापायची वाट बघायला नको, धूर नको, आवाज तर बोलणं ऐकू येईल इतका कमी. श्रीमंत लोकांना सांगत होता, "आता कुनाला ताटकळायला नको. आला की दळलं, दळलं की गेला!" सगळे माना डोलावत होते. पुंजाराम मात्र दारासमोर बघत होता. दारासमोर एक अरुंद पायरी होती, आणि संपलं. ओटाच नव्हता.

त्याचा जीव भांड्यात पडला. घरी येताना तो मनाशी हसलादेखील. ओटा नाही, म्हणजे माणूस बसणार कुठे? आणि माणूस बसणार नाही ती कसली गिरणी? वर्षाच्या आत ही गिरणी बंद पडणार, असा त्याने हिशेब केला. शत्रूचं बळ मोजताना लोक चुकतात ते असंच. आपल्याला जे लागतं तेच साऱ्या जगाला लागतं, असं धरून चालतात.

गाव श्रीमंतकडे गेलं. एकदम नाही, घरामागून घर. आधी शाळेचे मास्तर, मग सोसायटीचा सेक्रेटरी, मग वाण्याचं घर. मग ज्यांना मास्तरांसारखं दिसायचं होतं ते. पीठही बारीक निघायचं, खोटं कशाला बोला. एक दिवस असा आला की सकाळपासून ओट्यावर गोजरबाईखेरीज कुणी नव्हतं. पुंजारामने काहीही दळायचं नसताना पट्टा उतरवून इंजिन सुरू केलं. पेला उडायला लागला, हाक माळभर गेली. तो दारात उभा राहून वाटेकडे बघत राहिला. वाटेने एक कुत्रं आलं आणि गेलं.

"आरं पुंजा, तेल जाळतोस का?" गोजरबाई म्हणाली. "आसं बसून भागायचं न्हाई. डाव टाक कायतरी."

मग पुंजाराम डाव टाकायला बसला. म्हणजे खरंच बसला. ओट्यावर पडलेल्या पिठात बोटाने एकीकडे आपली गिरणी काढली, दुसरीकडे श्रीमंतची, आणि दोहोंच्या मध्ये गाव काढलं. त्याच्याकडे काय आहे आणि माझ्याकडे काय? त्याची गिरणी गावाच्या पोटात, माझी गावाच्या तोंडाशी, रस्त्यावर. त्याचं पीठ बारीक. माझे दगड टाकवून, छिन्नीने पुन्हा खरबरीत करून घेतले तर माझंही निघेल. त्याची मोटर दुसऱ्याच्या तारेवर जगते, वरून वीज गेली की तो हात चोळत बसतो. माझं इंजिन माझ्या हँडलावर. एवढं काढून झाल्यावर वारा आला आणि गावासकट सगळं उडालं. पण विचार डोक्यात बसला.

पहिला डाव मात्र त्याचा नव्हता, गोजरबाईचा होता. तिने परस्परच गावात सोडून दिलं, की विजेच्या पिठात करंट उतरतो. कुणाच्या तरी दिराच्या हाताला जेवताना झिणझिण्या आल्या, असाही पुरावा तिने जोडला. पुंजारामने ना होकार दिला ना नकार. पुढचे काही दिवस ओट्यावर पुन्हा गर्दी झाली. श्रीमंतने काय करावं? मारुतीसमोर सगळ्यांदेखत आपल्या गिरणीतलं पीठ मूठभर तोंडात टाकलं, खोकत खोकत गिळलं आणि ओरडला, "लावा मला हात! बसतोय का झटका?" गाव पोट धरून हसलं. दुसऱ्या दिवसापासून जो तो पुंजारामला विचारायला लागला, "तात्या, तुमच्या पिठात डिझेल उतरतं का वो?" याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पुंजारामने दगड टाकवून घेतले, पीठ बारीक केलं, दगडाचा आवाज ऐकून ऐकून रात्री कान वाजायला लागले. थोडी माणसं टिकली, बरीचशी गेली.

मग बहात्तर आलं.

त्या साली पाऊस आला नाही हे सगळ्यांना माहीत आहे. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. विहिरींचे तळ दिसले. रेशनवर लाल मिलो आला, परदेशातून आलेली जोंधळ्यासारखी ज्वारी. तिचं पीठ विटेच्या भुग्यासारखं, भाकरी थापता थापता फुटायची. गावापलीकडच्या डोंगराखाली सरकारने पाझर तलावाचं काम काढलं, आणि गावातली धडधाकट बाई-माणसं उजाडता घमेली-फावडी घेऊन तिकडे निघायला लागली. येईपर्यंत दिवस बुडालेला. दळण कधी करायचं? श्रीमंतची वीज दिवसदिवस गायब. बायका कामावरून येऊन मारुतीपुढे काळोखात ताटकळायच्या, आणि वीज नाही म्हणून मिलो भिजवून, शिजवून कण्याच खायच्या.

पुंजारामने सकाळी ओट्यावरून ही रांग जाताना पाहिली. सगळ्यांची वाट त्याच्याच दारावरून. आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. शेजारची बनुबाई घाईने निघाली होती, तिला त्याने हाक मारली.

"बनू, तुझ्या दळनाचा डबा ठिवून जा हितं. दिवसा दळून ठिवतो. येताना घेऊन जा. वाट बघायला नको, काय नको."

बनुबाई थबकली. तिच्या तोंडावर असं समाधान पसरलं, की पुंजारामकडे बऱ्याच दिवसांत कुणी असं बघितलं नव्हतं. "तात्या, लई उपकार झालं बगा," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिच्या डब्याशेजारी आणखी डबे आले. तिसऱ्या आठवड्यात ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत डब्यांनी भरला. डालड्याचे डबे, रॉकेलचे कापलेले डबे, पितळी डबे. ओळखायला प्रत्येकावर खूण: कुणाच्या कडीला लाल चिंधी, कुणाच्या झाकणावर चुन्याचं बोट, कुणाच्या पोटाला पोचा हीच खूण. दर पूर्वीचाच. मास्तरांचं घर परत आलं, वाण्याचंही आलं. श्रीमंतच्या मोटरीवर कोळ्याने जाळं विणलं, असं कुणीतरी येऊन सांगितलं, आणि पुंजाराम खदखदून हसला. जात्यातले रडतात, सुपातले हसतात. सुपातल्यांना पुढचं दिसत नाही, हीच तर त्यांची गंमत.

कारण सकाळी सगळ्या भराभरा यायच्या, डबा टेकवायच्या, "तात्या, ठिवलाय बगा" एवढं म्हणायच्या आणि निघून जायच्या. संध्याकाळी डबा उचलायच्या आणि जायच्या. मधला सगळा दिवस पुंजाराम, इंजिन आणि डबे. पूर्वी कोकिळा बोलली की माणसं यायची. आता माणसं आधीच येऊन गेलेली असायची आणि कोकिळा ओरडायची ती रिकाम्या गावासाठी. पुढे पुढे त्याने तो पेला काढूनच ठेवला. हाक मारायची कुणाला?

गोजरबाई सुरुवातीला यायची. पण म्हातारी किती वेळ एकट्या पुंजारामशी बोलणार? तिला ऐकणारे लागत आणि मोडता घालणारेही लागत. मग तलावावर कामाला जाणाऱ्या बायांची पोरं सांभाळायला झाडाखाली एखादी म्हातारी हवी होती, तिथे ती लागली. तिचा डबा बनुबाईच्या हाताने यायला लागला. पुंजारामने तो उजव्या कोपऱ्यात, खांबापाशी ठेवला. मग बनुबाईचा तिच्याशेजारी, जिथे ती बसायची तिथे. हळूहळू त्याने सगळेच डबे असे लावले, ज्या त्या बाईच्या जागेवर. एकदा दळण टाकता टाकता तो लाल चिंधीच्या डब्याला म्हणाला, "मिलो चालू हाय, बाजरीला येळ लागंल, बस." आणि स्वतःचाच आवाज ऐकून इतका दचकला की त्याने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. त्याला रडू आलं. चांगलं घळाघळा आलं, आणि पुसायला पिठाचे हात, त्यामुळे तोंडाचा पार लगदा झाला.

त्याने ठरवलं, हे मोडायचं. आपणच बांधलेलं आपणच मोडायचं. दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम अर्धे डबे दळायचे ठेवले. संध्याकाळी बायका आल्या की म्हणायचं, थोडं राहिलंय, बसा. बसल्या की बोलतील. मग गूळ-चहाही करू. त्याने चुलीवर आधण चढवून ठेवलं होतं.

बनुबाई सगळ्यात आधी आली. पायांपासून केसांपर्यंत मुरमाची धूळ, हाताला चिंधी गुंडाळलेली.

"तात्या, झालं का माझं?"

"मिलो चालू हाय," तो उत्साहाने म्हणाला. "तुजी बाजरी थोडी मागं ऱ्हायली. येळ लागंल. बस की."

बनुबाई भांडली असती तर बरं झालं असतं. ती ओट्यावर बसली, गोजरबाईच्या खांबाला डोकं टेकलं आणि बसल्याजागी झोपली. मागून आणखी दोघी-तिघी आल्या, त्याही तशाच बसल्या. कुणी कुणाशी एक शब्द बोललं नाही. एकीचं पोर घरी भुकेलं असेल, तिचे डोळे सारखे गावाकडे जात होते. ओटा माणसांनी भरला होता, आणि पुंजारामने आयुष्यात इतका मुका ओटा पाहिला नव्हता. चहाचे पेले हातात घेऊन तो बाहेर आला तेव्हा बनुबाई झोपेतच कण्हत होती. त्याने पेले खाली ठेवले, आत गेला आणि भराभर सगळं दळून दिलं. जाताना बनुबाई म्हणाली, "तात्या, रोज आसं करू नगा वो. आमाला बसायला आता येळ कुठंय?"

ती रागाने बोलली नव्हती. म्हणून ते त्याला जास्त लागलं. केशरबाई खोटं बोलायची ते दमलेल्या बाईला टेकता यावं म्हणून. आपण बोललो ते आपल्यासाठी. शब्द तेच, अक्षर न अक्षर तेच. त्याने पुन्हा कुणाचं दळण मागे ठेवलं नाही.

बाजाराच्या दिवशी तलावाचं काम बंद असे. त्या दिवशी ओट्यावर डबेही नसत, कारण डोंगराकडे जाणारी रांगच नसे; कुणी पारनेरला जायचं, कुणी घरी राहायचं. पण काही दिवसांपासून बाजारच्या दिवशी वीज बरी राहते, आणि श्रीमंतकडे पुन्हा दळणं जायला लागली आहेत, असं त्याच्या कानावर आलं होतं. आधी त्याने मनातल्या मनात गेलेले डबे मोजले. मग वेगळंच काहीतरी सुचलं. दळणं जातात, म्हणजे तिथे माणसं असणार. सुट्टीचा दिवस, वीज कधी जाते कधी येते, म्हणजे थांबावं लागणार. थांबावं लागतं तिथे माणूस बोलतो. ओटा नसेना का, देवळाची पायरी आहे. आपण गिरणीवाले झालो म्हणून काय झालं, दळण घेऊन जायला आपल्याला कुणी बंदी केली आहे?

रतनने मागच्या खेपेला दिलेली बाजरी उतरंडीत तशीच पडून होती. पुंजारामने ती पाखडली, केशरबाईचा जुना पितळी डबा चिंचेने घासून काढला, भरला, खांद्यावर घेतला आणि भर गावातून निघाला. ज्याने पाहिलं तो जागीच थांबला. खडकमाळच्या गिरणीवाल्याच्या खांद्यावर दळण! "तात्या, कुठं निघालाव?" कुणीतरी विचारलं. "दळायला," तो म्हणाला. मागे कुजबूज उठली. तात्या श्रीमंतची गिरणी बघायला चाललाय, म्हातारा मोठा डावबाज, आता काय नवीन काढतोय बघा. पुंजारामने ऐकलं आणि त्याला हसूच आलं. असू दे. तिथे पोचल्यावर निदान चेष्टा तरी करतील.

मारुतीपुढे कुणीही नव्हतं.

श्रीमंतच्या गिरणीच्या आत भिंतीलगत डबे ओळीने लावलेले होते. लाल चिंधी, चुन्याचं बोट, पोचा. पायरीवर एकटा श्रीमंत बसला होता, शेजारी सायकल टेकवलेली, सायकलच्या मागे दोन्हीकडे पिठाने पांढऱ्या झालेल्या पिशव्या. पुंजारामला पाहून तो ताडकन उभा राहिला.

"तात्या, रागावू नगा," तो एकदम म्हणाला. "तुमचंच बघून सुरू केलं. मीबी डबे ठिवून घेतो आता. वीज आली की दळतो, अन् सांजच्याला सायकलवर घरोघर पोचवतो. टिकायचं म्हनल्यावर तुमच्या म्होरं एक पाऊल टाकायलाच पायजे हुतं."

"घरोघर?" पुंजाराम म्हणाला. "मंग हितं कुनी येत न्हाई?"

"यायची गरजच ठिवली न्हाई!" श्रीमंत म्हणाला. म्हणाला अभिमानाने, पण त्या वाक्याचं शेवटचं अक्षर त्याच्याच्याने नीट उचललं गेलं नाही. त्याने रिकाम्या चौकाकडे पाहिलं आणि हात विनाकारण धोतराला पुसले. "दिसभर मी अन् ही मोटर. आना तो डबा. ठिवून जा, सांजच्याला आनून देतो. खून काय करू डब्याला?"

"ठिवायला न्हाई आलो. पाळीला बसायला आलोय."

"पाळी?" श्रीमंत हसला. "कशाची पाळी, तात्या? तुमच्या म्होरं कोनबी न्हाई. वीज आत्ताच आलीय. आना, चुटकीसरशी दळून देतो, निगा घरी."

त्याने एक हात डब्यासाठी पुढे केला आणि दुसरा भिंतीवरच्या कळीकडे नेला. पुंजारामने डबा सोडला नाही. काय करावं त्याला कळेना. तो गावाचा तात्या होता, धंद्यात या पोराच्या समोर उभा ठाकलेला माणूस होता, आणि आता जे तोंडातून निघणार होतं ते गावभर होणार होतं. तरी ते निघालंच.

"श्रीमंता," तो म्हणाला, "घरी कोन न्हाई रं."

श्रीमंतचा हात कळीवर तसाच राहिला. त्याने पुंजारामच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या घासून लख्ख केलेल्या डब्याकडे, आणि बराच वेळ त्या डब्याकडेच पाहत राहिला. तो डबा त्याने लहानपणी आईच्या मांडीवरून पाहिलेला असणार. दारात उभ्या राहिलेल्या केशरबाईच्या कमरेवर. त्याने कळीवरचा हात काढला. पुंजारामच्या हातून डबा हलकेच घेतला आणि भिंतीलगतच्या ओळीत, सगळ्या डब्यांच्या शेवटी नेऊन ठेवला.

मोटर बंद होती. दगड थंड पडले होते. गिरणीत चिमणीच्या फडफडीखेरीज आवाज नव्हता.

"मिलो चालू हाय, तात्या," श्रीमंत म्हणाला. "बाजरीला येळ लागंल. बसा."

पायरी दोघांना अरुंद होती. श्रीमंत थोडा सरकला, आणि पुंजाराम बसला.